विहिणीचा घास

"वहिनी, कडी लावलीत ना?"

"लावली."

"नीट?"

"आता कुलूप घालून किल्ली कृष्णेत टाकून येऊ का? आ कर."

कुमुदने आ केला. म्हणजे तिचा होता तेवढा केला. कराडच्या त्या मंगल कार्यालयात वरपक्षाला दिलेल्या खोलीला एकच खिडकी होती. तिच्या उजेडाकडे तोंड करून मी माझ्या धाकट्या जावेला स्टुलावर बसवलं होतं. एका हातात तिची हनुवटी, दुसऱ्या हातात ससा छापलेला लहान मुलांचा ब्रश. तिच्या अंगावर जांभळी पैठणी, खांद्यावर टॉवेल, नथ काढून उशीवर ठेवलेली. बाहेर सनईवाल्याने सूर धरला होता. एकुलत्या एका मुलाच्या लग्नाच्या दिवशी वरमाय अशी बसलेली असेल, हे कुणाला सांगून पटलं नसतं. आणि कुणाला सांगायचं नाही, हाच तर आमचा सगळा घोळ होता.

"डावीकडे दुखतंय."

"दुखणारच. काल रात्री झोपेचं सोंग घेऊन घासायचं टाळलंस. मला कळत नाही वाटतं?"

तिला हसू आलं, पण ते गालापर्यंत पोचलं नाही. गेली काही वर्षं तिचं हसू आतच राहायचं. आधी हाताची बोटं थंडीत पांढरी पडू लागली, मग निळी. मग ती आखडत गेली. मग कातडी ताठ व्हायला लागली, बोटांची, हातांची, चेहऱ्याची. बटव्याची नाडी कुणी रोज थोडी थोडी ओढत न्यावी, तसं तोंड लहान होत गेलं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, स्क्लेरोसिस की काहीतरी, पुढे आणखी एक लांबलचक शेपूट. भावजींनी, म्हणजे कुमुदच्या नवऱ्याने, ते पाठ केलं. मी नाही केलं. रोगाचं नाव पाठ करून तो पळतो थोडाच?

मिरजेच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र मला आवडल्या. वयाने पोरगेलीच, पण बोलण्यात कातरी. "यांचं तोंड कोरडं पडतं, लाळ पुरत नाही, म्हणून कीड लवकर लागते. हिरड्या सुजल्यात, त्यातून रक्त येतंय. हात चालत नाही म्हणून नीट घासलं जात नाही, आणि तोंड उघडत नाही म्हणून मागे ब्रश पोचत नाही. आलं लक्षात?" भावजी म्हणाले, "मग सगळे काढून कवळीच बसवली तर? एकदाची कटकट संपेल." त्यावर बाई म्हणाल्या, "कवळी आत घालणार कुठून? तिचं माप घ्यायचा साचासुद्धा या तोंडात जायचा नाही. हे दात गेले की पुढे पेज, जन्मभर. हिरड्या सांभाळा, दात त्यांच्याच जिवावर उभे असतात."

ते काम माझ्याकडे आलं. आधी श्रीपादने, तिच्या मुलाने, त्याच्या जुन्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ ब्रशच्या दांडीवर चढवून दिली होती. जाड दांडी तिच्या मुठीत मावायची, ती स्वतः घासायची. मग बोटं आणखी वळली आणि मूठही निसटायला लागली. माझे यजमान गेल्यापासून मी याच घरात राहत होते. खाल्ल्या अन्नाला जागायचं म्हणून म्हणा, की बघवेना म्हणून म्हणा, ब्रश मी हातात घेतला. सकाळी, रात्री, आणि गोड खाल्लं की लगेच. शिवाय दातांच्या फटीतून दोरा, हिरड्यांना हलका चोळ, आणि ओठांचे कोपरे अंगठ्यांनी ताणायचा व्यायाम. घरातल्या देवाला एखाद्या दिवशी नुसतं पाणी दाखवून चालायचं. कुमुदच्या दातांना ते चालत नव्हतं.

दारावर थाप पडली. "विहीणबाई! चहा आणलाय हो!"

कुमुदने माझं मनगट घट्ट धरलं. तोंडात फेस, त्यात थोडा लाल.

"आवरतायत त्या," मी आतून ओरडले. "ठेवा बाहेर."

"बाहेर कसा ठेवू? मानाचा चहा आहे. हातात द्यायला नको?"

ही गोदूआत्या. नवऱ्या मुलीची आत्या. आवाज असा की सनईवाल्याने लाजून पिपाणी गुंडाळावी. लग्नघरात अशी एक बाई असतेच. तिला कुणी काम सांगितलेलं नसतं, आणि तिच्यावाचून एकही काम होत नाही.

"कुमुदला चहा नको आत्ता," मी म्हटलं.

बाहेर कप बशीवर आपटला. मग बांगड्या लांब गेल्या.

"चहाला नाही म्हणालात?" कुमुद चूळ भरून म्हणाली. "मानाच्या चहाला?"

"मग काय हो म्हणू? कपाला तुझा ओठ लागत नाही, चमच्याने प्यावं लागतं. तिच्यासमोर पिणार होतीस?"

कुमुदने हात टॉवेलखाली घेतले. तिचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आधी सांगलीची एक मुलगी श्रीपादला पसंत पडली होती. मुलीच्या वडिलांना कुमुदने पाण्याचा पेला दिला, त्यांनी तिची बोटं पाहिली, आणि चार दिवसांनी मध्यस्थ सांगत आला, मुलगा सोन्यासारखा आहे, पण घराण्यात काही आहे का? लागण होणारा रोग नाही, वारशानेच जाईल असंही काही नाही, हे डॉक्टरांचं वाक्य भावजींनी ऐकवलं. मध्यस्थाने मान हलवली आणि पुन्हा फिरकला नाही. तेव्हापासून कुमुदने सगळ्यांना शपथ घातली होती. मुलगी घरात येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. श्रीपाद म्हणाला होता, "आई, सांगून टाकू या ना." तर ती म्हणाली, "माझ्यामुळे तुझं एकदा मोडलंय. दुसऱ्यांदा मोडलं तर मी दात काय, जीवही सांभाळणार नाही."

मग हे स्थळ आलं. मुलीकडे, म्हणजे उंब्रजकरांकडे, बैठकीला ती पदरात हात गुंडाळून बसली, खाण्याच्या वेळी मला पुढे केलं, आणि निभावलं.

गंमत अशी की लग्नात बायका तिच्या चेहऱ्यावर खूष. कातडी ताणली गेल्यामुळे सुरकुती म्हणून औषधाला नाही. तांदूळ पडले, मुलं हारांत गुंतली, आणि मांडवातच एक बाई मला विचारते, "वरमायचं वय काय हो? चेहरा बघा, कसा तुकतुकीत! काय लावतात?"

"साय आणि हळद," मी म्हटलं. तिने बिचारीने मान डोलावली. पुढे तिने किती साय वाया घालवली असेल कोण जाणे.

पण चहा नाकारल्याची बातमी तोवर कार्यालयभर झाली होती. मग फराळाचे पोहे परत गेले, सरबताचा पेला तसाच राहिला. कुमुद नुसतं पाणी पीत होती, घोट घोट, सारखी. आता आमच्यात विहीण रुसणं ही जुनी रीत. पूर्वी वरमाया ठरवून रुसायच्या, मुलीकडचे मनधरणी करायचे, काहीतरी हातावर ठेवायचे आणि रुसवा जायचा. हल्ली कुणी रुसत नाही, पण रीत लोकांच्या डोक्यातून गेलेली नसते. न खाणारी विहीण म्हणजे रुसलेली विहीण, दुसरा अर्थच नाही. ताप आलाय, पोट बिघडलंय, असं उंब्रजकरांच्या स्वप्नातही आलं नाही.

आधी मुलीची आई, सुमतीबाई, एक साडी घेऊन आल्या. ठरलेल्या मानाच्या साडीहून वेगळी, भारी. बाई रात्रभर जागलेली दिसत होती. डोळ्यांखाली काळं, केसांत अक्षता तशाच. "काही चुकलं असेल तर पोटात घाला," म्हणाल्या.

"छे छे, काही चुकलं नाही," कुमुद म्हणाली. ओठ फारसे न हलवता बोलायची तिला सवय झाली होती. त्यामुळे तिचं खरं बोलणंसुद्धा कुर्ऱ्यातलं वाटायचं.

सुमतीबाईंचा चेहरा आणखी उतरला. त्या गेल्या, आणि थोड्या वेळाने गोदूआत्या चांदीचं तबक घेऊन हजर.

"हे परत करा, वहिनी," कुमुद माझ्या कानाशी आली. "मला लाज वाटते."

"परत केलंस तर म्हणतील तबकावरही भागत नाही, आता घंगाळ काढा. ठेव गप्प."

दुखणं माझ्या जावेच्या तोंडात, आणि किंमत उंब्रजकरांच्या कपाटातून. असा उलटा व्यवहार मी कुठे पाहिला नव्हता. मला हसू येत होतं. पहाटेपासून मी तिच्यासाठी इतक्या जणींशी खोटं बोलले होते की कुणाला काय सांगितलं तेच आठवेना. एकीला उपास सांगितला होता, दुसरीला पित्त, तिसरीला नवस.

"पंगतीला मी बसते तुझ्या जागी," मी म्हटलं. "थोरली आहे, चालतं."

"नाही." ती एकदम म्हणाली. "एकच मुलगा आहे माझा. विहिणीच्या पंगतीला मी बसणार. भात तर खाईन ना, कालवून. बारीक बारीक."

विहिणीची पंगत म्हणजे साधं जेवण नव्हे. पाटाभोवती रांगोळी, चांदीचं ताट, उदबत्त्या, समोर मुलीकडच्या बायका ओळीने उभ्या, विहिणीला टोमणे मारणारी गाणी म्हणत. आणि मुलीच्या आईने विहिणीला पहिला घास भरवायचा. तो घेतल्याशिवाय पंगतीत कुणी हात लावत नाही, आणि विहीण उठल्याशिवाय कुणी उठत नाही.

घास भाताचा असता तर निभावलंही असतं. पण गोदूआत्येने आचाऱ्याकडून खास लाडू वळून घेतला होता. बुंदीचा, नारळाएवढा. चेष्टेची रीत आहे ही, विहिणीने तो बघून लाजायचं, एक लचका तोडायचा, सगळ्यांनी हसायचं. आत्येने तो सुमतीबाईंच्या हातात दिला आणि सूर लावला. बाकीच्या जणींनी टाळ्या धरल्या.

"आ करा विहीणबाई!"

"मोठ्ठा आ!"

सुमतीबाईंनी लाडू पुढे धरला. कुमुदने आ केला. मी तिच्या शेजारच्या पाटावर होते. मला दिसत होतं की ती जीव तोडून उघडते आहे. मानेच्या शिरा ताठल्या होत्या. समोरच्यांना मात्र दिसत होती एक मख्ख चेहऱ्याची बाई, जी लाडवाकडे बघून ओठ विलग करायलाही तयार नाही.

"अहो, उघडा की!" आत्या म्हणाली. "लाडू आहे, एरंडेल नाही!"

हशा पिकला. मग तो हळूहळू विरला, कारण लाडू ओठांना टेकला होता आणि आत जात नव्हता. बुंदीच्या पिवळ्या कळ्या तिच्या पैठणीवर सांडल्या. गाणं थांबलं. भरल्या ताटांवर हात धरून शंभरेक माणसं बघत होती.

सुमतीबाईंनी लाडू ताटात ठेवला. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. त्या चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "साडी झाली. चांदी झाली. अजून काय राहिलं माझं, विहीणबाई? सांगून तरी टाका. मुलगी दिली आहे मी." आणि त्या मनगटातली पाटली काढायला लागल्या. पाटली जुनी, हात सुजलेला, निघेना. त्या ओढत होत्या, आणि कुणी त्यांना थांबवत नव्हतं.

मी भावजींकडे पाहिलं. भावजी पानातल्या मिठाकडे बघत होते. श्रीपाद अर्धा उठला होता.

"वहिनी," कुमुद म्हणाली, "माझी पिशवी द्या."

"कुमुद, राहू दे."

"द्या हो."

ती पिशवी मी कधी नजरेआड करत नसे, पाठीशीच होती. कुमुदने दोन्ही मनगटांत धरून ती उघडली आणि ससा छापलेला ब्रश ताटाशेजारी, रांगोळीवर ठेवला. मग दिवसभर पदरात लपवलेले हात पुढे केले. चिमणीच्या पायांसारखी वळलेली, निळसर बोटं.

"पाटली घाला परत," ती सुमतीबाईंना म्हणाली. "मी रुसलेली नाही. हे बघा." तिने पुन्हा तोंड उघडलं, तितकंच, आणि मिटलं. "हाच माझा आ. याहून मोठा मला येत नाही. कातडीचा रोग आहे. चहा मी चमच्याने पिते, दात माझे वहिनी घासतात. तुम्हाला कळलं तर मुलगी द्यायचा नाहीत, म्हणून लपवलं. चूक माझी. मुलाची नाही."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, अगदी ऐकू जाईल अशा बेताने, "लागट असतं का गं ते?"

मला काय झालं कोण जाणे. दिवसभर गोड बोलून जबडा दुखत होता, त्यामुळे असेल. मी म्हटलं, "मी रोज हिच्या तोंडात हात घालते. लागट असतं तर मला कधीच लागलं असतं. बघा माझं तोंड, केवढं उघडतं ते. खात्री नसेल तर आमच्या भावजींना विचारा."

भावजी मिठातून मान वर न करता म्हणाले, "पुष्कळ उघडतं."

कुठेतरी एक जण हसला. तेवढ्यात नवी नवरी, मृणाल, पानावरून उठली. "आई," ती सुमतीबाईंना म्हणाली, "मला ठाऊक होतं. यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. घरी सांगू नकोस म्हणाले."

कुमुदने लेकाकडे पाहिलं. लेक पाटाकडे बघायला लागला.

"तुला ठाऊक होतं?" सुमतीबाई म्हणाल्या. "मग मला चांदी का काढू दिलीस कार्टे?"

"मला वाटलं, त्या खरंच रुसल्यात! रोग असला म्हणून काय माणूस रुसत नाही?"

अर्धवट निघालेली पाटली सुमतीबाईंनी मनगटावर मागे ढकलली. मग पाटापाशी खाली बसल्या, मांडी घालून, भारी साडीची पर्वा न करता. लाडू फोडला. त्यातली एक कळी, एकच, चिमटीत धरली.

"ही जाईल?"

"जाईल," कुमुद म्हणाली.

अशी ती पंगत चालली. कळीमागून कळी, मध्ये पाण्याचा घोट. भात गार झाला, मठ्ठ्यावर पाणी तरंगलं, पोरं पेंगली. पण विहीण उठल्याशिवाय उठायचं नाही ही रीत, त्यामुळे शंभर माणसं एका बाईचं जेवण बघत बसली. आचारी दोनदा डोकावून गेला. सगळंच काही गोड झालं नाही. गोदूआत्या लांबच राहिली, आणि निघताना दोघीतिघींनी कुमुदच्या हातचं कुंकू चुकवलं, मी बघितलं. कुमुदनेही बघितलं. तबक आम्ही परत केलं. साडी ठेवली, साडी चांगली होती.

जेवणानंतर मी तिला खोलीत नेलं. साखर तोंडात राहून चालत नव्हती. तिला स्टुलावर बसवलं, टॉवेल घातला, ब्रश धुतला आणि सवयीने कडी लावली. हात वर उचलवत नव्हता.

दारावर टकटक झाली. हळू. आत्येची नव्हे.

"विहीणबाई, मी आहे. सुमती."

मी कुमुदकडे पाहिलं. खांद्यावर टॉवेल, ओठांवर बुंदीचा पिवळा कण. मला वाटलं, म्हणेल नेहमीसारखं, आवरतेय म्हणून सांगा.

"काढा कडी," ती म्हणाली.

सुमतीबाई आत आल्या. थोडा वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मी कोपरे कसे ताणते, ब्रश हिरडीपाशी कसा तिरका धरते, मागच्या दाढेपर्यंत बोट कसं नेते. डावीकडे रक्त आलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"उद्यापासून पोर तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "तिला हे शिकवा. ती धांदरट आहे, पण शिकेल."

"नवी नवरी आहे हो ती," कुमुद फेसातून म्हणाली.

"असू दे. आत्ता मी बघू का करून? मला दाखवा."

त्यांनी हात पुढे केला. या इतक्या वर्षांत तो ब्रश कुणी माझ्याकडे मागितला नव्हता. मागणार कोण? घराबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं. कुमुदने शपथ घातली होती सगळ्यांना, पण ती पाळायचं काम तेवढं माझ्या एकटीच्या हातांना लागलं होतं, हे मला तोवर उमगलं नव्हतं.

"तिरका धरा," मी म्हटलं. "आणि दाबू नका. खालचा पुढचा हलतो."

ब्रश त्यांच्या हातात दिला. मग खिडकीखालच्या गादीवर बसले, भिंतीला पाठ टेकली. बाहेर मांडव उतरवणाऱ्यांचे बांबू खडखडत होते. सुमतीबाई म्हणत होत्या, "आ करा विहीणबाई," आणि कुमुद म्हणत होती, "केलाय की."

पुढचं काही मी ऐकलं नाही. मला तिथेच झोप लागली.